‘गिल्टी’ म्हणण्याआधी



पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगते. घरात चौदा-पंधराच्या पुढचं मूल असेल तर वेळ काढून वाचा. आणि घरातलं कुणी अजून ग्रीन कार्ड, एच-फोर किंवा एफ-वनवर असेल तर नक्कीच वाचा.

माझ्याबद्दल थोडक्यात. मी न्यू जर्सीत राहते आणि बाकीचे व्याप सांभाळून कोर्टात मराठी-हिंदी दुभाषी म्हणून जाते. मी वकील नाही. आम्हा दुभाष्यांना कडक नियम असतो. समोरचा बोलेल ते जसंच्या तसं दुसऱ्या भाषेत आणायचं, त्यात भर घालायची नाही, काही गाळायचं नाही आणि सल्ला तर अजिबात द्यायचा नाही. कॉरिडॉरमध्ये आपली माणसं थांबवतात, "ताई, तुम्हीच सांगा ना, काय करू?" आणि मला म्हणावं लागतं, "दादा, मला नाही सांगता येणार. वकिलांना विचारा." नियम योग्यच आहे. पण घरी येताना गाडीत तो चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून हे इथे लिहितेय, कुणा एकाच्या केसबद्दल नाही, सगळ्यांसाठी. यात कुणाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

सुरुवात एका प्रश्नापासून करते. पहिल्या तारखेला जज विचारतात, "हाऊ डू यू प्लीड?" याचं मराठी करताना माझी दर वेळी थोडी कसरत होते. सिनेमामुळे आपल्या कानांना सवय आहे, "गुन्हा कबूल है?" आणि उत्तर "मैं बेकसूर हूँ!" त्यामुळे ‘नॉट गिल्टी’ म्हणजे ‘मी हे केलंच नाही’ असं शपथेवर सांगणं, असा आपला समज असतो. त्याचा खरा अर्थ बराच साधा आहे: ‘आरोप मला मान्य नाही, सरकारने तो सिद्ध करावा.’ आरोपीने काय केलं हे त्या क्षणी कुणी विचारत नसतं. पुरावा सरकारने आणायचा की तुम्ही तो हक्क सोडून देताय, एवढाच प्रश्न असतो. ‘गिल्टी’ म्हटलं की साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायचा हक्क गेला, गप्प बसायचा हक्क गेला, खटलाच गेला.

एकदा एक बाबा मला बाहेर भेटले. मुलगा एकोणीस वर्षांचा, स्टोअरमधून काही वस्तू पैसे न देता बाहेर आल्या होत्या. बाबांचा चेहरा पडलेला, पण आवाज ठाम. "आमच्या घरात खोटं चालत नाही. चूक केली आहे तर कबूल करेल, दंड भरेल, विषय संपला." मला त्या माणसाबद्दल आदरच वाटला. आपण असेच वाढलोय. चूक कबूल केली की मोठी माणसं माफ करतात, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालंय.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. स्टोअरमधल्या चोरीचा आरोप ‘वस्तू बाहेर आली’ एवढ्यावर पूर्ण होत नाही. पैसे बुडवण्याच्या उद्देशाने नेली, हे सरकारला सिद्ध करावं लागतं. सेल्फ-चेकआउटला कार्टच्या खालच्या कप्प्यातलं खोकं स्कॅन करायचं राहून गेलं असेल तर तो उद्देश नाही. अशा मुलाला ‘गिल्टी’ म्हणायला लावणं म्हणजे सत्याच्या आग्रहापोटी त्याच्याकडून कोर्टात खोटंच वदवणं. आणि उद्देश खरोखर असला, तरी पुढचं सगळं वाचल्याशिवाय ‘विषय संपला’ म्हणू नका. विषय त्या दिवशी सुरू होतो.

आपल्या डोक्यातलं पोलीस-कोर्टाचं चित्र भारतातलं असतं, आणि ते इथे दगा देतं. भारतात पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ मध्ये ते होतं, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ मध्ये आहे. इथे उलट. इथे पोलिसासमोर बोललेलं वाक्य हाच बऱ्याचदा सरकारचा सगळ्यात भक्कम पुरावा असतो. आपण मुलांना शिकवतो, "पोलिसाशी नीट बोल, सॉरी म्हण, समजावून सांग." नीट बोलणं ठीक. ‘सॉरी, आय वोन्ट डू इट अगेन’ हे मात्र रिपोर्टमध्ये कबुली म्हणून जातं.

मिरांडा हक्क सगळ्यांनी टीव्हीवर ऐकलेले असतात, १९६६ च्या निकालापासून ते आहेत. पण २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने आणखी एक गोष्ट ठरवली: नुसतं गप्प बसून हक्क वापरला असं होत नाही, तो तोंडाने सांगावा लागतो. म्हणून मुलांकडून दोन वाक्यं पाठ करून घ्या. "आय वॉन्ट टू रिमेन सायलेंट. आय वॉन्ट अ लॉयर." नाव सांगायचं, ओळखपत्र द्यायचं, हुज्जत घालायची नाही, पळायचं नाही, आणि खोटं तर मुळीच बोलायचं नाही. गप्प बसणं हा हक्क आहे, खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा होऊ शकतो.

भारतातलं दुसरं चित्र म्हणजे ‘तक्रार मागे घेतली की मिटलं’. इथे केस ‘स्टेट विरुद्ध अमुक’ अशी असते. फिर्यादी व्यक्ती साक्षीदार असते, मालक नसते. नवरा-बायकोच्या भांडणात शेजाऱ्याने फोन केला, अंगावर मारल्याची खूण दिसली, तर न्यू जर्सीत पोलिसांना अटक करावीच लागते. सकाळी बायको म्हणते, "अहो, मला केस नकोय." ते तिच्या हातात नसतं, सरकारी वकिलाच्या हातात असतं. (नागरिक नसलेल्यासाठी घरगुती हिंसाचाराची शिक्षा हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे. त्यावर कधी वेगळं लिहीन.)

आणि हे ऐकून हसू नका: तुरुंगातून येणारे फोन रेकॉर्ड होतात. मराठीत बोललं तर कुणाला कळणार आहे, असं समजून आई-बाबा फोनवर सगळं विचारून घेतात. त्या मराठीचं इंग्रजी करायला माझ्यासारखीच कुणीतरी बसलेली असते.

आता ज्या केसने आपल्या भागातल्या आई-बापांची झोप उडवली होती तिच्याबद्दल. जुन्या लोकांना आठवत असेल, २०१० चा सप्टेंबर. रटगर्समध्ये नुकतीच दाखल झालेली दोन मुलं, एकाच खोलीत. धरुण रवी, प्लेन्सबरोचा, भारतात जन्मलेला, ग्रीन कार्डवर. आणि त्याचा रूममेट टायलर क्लेमेंटी. धरुणने वेबकॅमने टायलरचे खाजगी क्षण पाहिले, त्याबद्दल ट्विटरवर लिहिलं, दोन दिवसांनी पुन्हा तसाच बेत जाहीर केला. त्यानंतर टायलरने आत्महत्या केली. वय १८. यापुढे मी कायद्याबद्दल जे लिहितेय ते वाचताना हा मुलगा विसरू नका. मीही विसरलेली नाही.

धरुणवर मृत्यूचा आरोप कधीच नव्हता. खाजगीपणाचा भंग, द्वेषातून धाकदपटशा, पुरावा नष्ट करणं, साक्षीदारावर प्रभाव टाकणं असे मिळून १५ आरोप. शेवटचे दोन नीट बघा. ते वेबकॅमबद्दलचे नाहीत, त्यानंतर काय केलं त्याबद्दलचे आहेत: काढून टाकलेले मेसेज, बदललेलं ट्वीट, मैत्रिणीला ‘तू पोलिसांना काय सांगितलंस’ असे टेक्स्ट. अठरा वर्षांच्या पोराला घाम फुटला की त्याचा पहिला हात फोनवर जातो. आणि कित्येकदा आपणच म्हणतो, "ते सगळं डिलीट कर आधी!" असं म्हणू नका. एका आरोपाचे तीन होतात. त्याने पोलिसांना जबाबही दिला होता, आणि त्या जबाबाचा व्हिडिओ पुढे ज्यूरीने बसून पाहिला.

त्याच्या मैत्रिणीने, जिच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर ते पाहिलं गेलं होतं, २०११ च्या मे महिन्यात पीटीआय घेतला. पीटीआय म्हणजे खटल्याआधीचा कार्यक्रम: ३०० तास समाजसेवा, साक्ष द्यायची तयारी आणि तीन वर्षं नीट वागलं तर आरोप रद्द. धरुणलाही सरकारने तडजोड देऊ केली होती. तुरुंग नाही, ६०० तास समाजसेवा, समुपदेशन, आणि देशाबाहेर काढलं जाऊ नये यासाठी मदत. त्याने ती नाकारली. १६ मार्च २०१२ ला ज्यूरीने सगळ्या १५ आरोपांवर दोषी ठरवलं. दहा वर्षांपर्यंतचा तुरुंग समोर होता. २१ मेला जजनी ३० दिवसांची शिक्षा दिली, सोबत तीन वर्षं प्रोबेशन, ३०० तास समाजसेवा आणि १० हजार डॉलर. देशाबाहेर काढू नये अशी शिफारसही जजनी केली. त्या दिवशी त्याची आई कोर्टात बोलली होती. मी ते टीव्हीवर पाहिलं. दोन्ही बाजूंना बसलेले आई-बाप बघून मला टीव्ही बंद करावासा वाटला होता.

तुरुंगातून तो २० दिवसांत बाहेर आला. इमिग्रेशनने त्याला देशाबाहेर काढण्याची कारवाई करणार नसल्याचं सांगितलं. तरी केस संपली नाही. २०१५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने द्वेषगुन्ह्याच्या कायद्याचा एक भाग घटनाबाह्य ठरवला, त्यावरून २०१६ च्या सप्टेंबरमध्ये अपिलात त्याची शिक्षा उलटली, आणि ऑक्टोबरमध्ये त्याने खाजगीपणाच्या भंगाचा प्रयत्न या एका आरोपावर गुन्हा कबूल केला. सहा वर्षं. अठराव्या वर्षी सुरू झालं ते चोविसाव्या वर्षी मिटलं.

तडजोड नाकारली ते बरोबर की चूक, यावर आपल्याकडे किती पार्ट्यांत वाद झालेत! माझं मत विचाराल तर वाद चुकीच्या जागी होता. नागरिक असता तर त्या ६०० तासांचा हिशेब वेगळा झाला असता. नागरिक नसल्यामुळे प्रत्येक पर्यायाच्या मागे दुसरी, मोठी शिक्षा उभी होती. तुरुंगाचे दिवस मोजता येतात, पण ‘परत कुठे जायचं’ हा प्रश्न ज्या मुलाला दुसरं घरच माहीत नाही त्याला विचारला जात होता.

इथे सगळ्यात महत्त्वाचा भाग येतो. ‘कन्व्हिक्शन’ या शब्दाचे या देशात दोन अर्थ आहेत. एक राज्याच्या कोर्टाचा, एक इमिग्रेशनचा. ते जुळतीलच असं नाही.

उदाहरण घरचंच घेऊ. न्यू जर्सीत २०० डॉलरपेक्षा कमी किमतीची स्टोअरमधली चोरी हा ‘डिसऑर्डर्ली पर्सन्स’ गुन्हा. म्युनिसिपल कोर्टात चालतो, ज्यूरी नसते, जास्तीत जास्त सहा महिने आणि हजार डॉलर. राज्य त्याला ‘क्राइम’ म्हणतसुद्धा नाही. पहिलीच वेळ असेल तर तिथे ‘कंडिशनल डिसमिसल’ नावाची सोय मिळू शकते: वर्षभर नीट वागा, आरोप रद्द. ऐकायला किती छान! पण ती मिळण्यासाठी आधी गुन्हा कबूल करावा लागतो. इमिग्रेशनचा कायदा म्हणतो, आरोपीने गुन्हा कबूल केला आणि जजने कुठल्याही प्रकारची शिक्षा किंवा बंधन घातलं, की झालं कन्व्हिक्शन. मग राज्याने पुढे ते रद्द केलं, पुसलं, काहीही केलं तरी. पीटीआयमध्ये बहुतेक वेळा कबुली द्यावी लागत नाही, म्हणून तो वेगळा पडतो. दोन्हींना आपण घरी ‘डिसमिस झालं’ असंच म्हणतो. एका डिसमिसमधून मुलगा सुटतो आणि दुसऱ्यात दहा वर्षांनी विमानतळावर अडकतो.

घाबरवायचं नाहीये, म्हणून हेही सांगते: असा एकच किरकोळ गुन्हा असेल तर कायद्यात त्याला सहसा वाट आहे. कमाल शिक्षा वर्षाहून जास्त नसली आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांच्या आत असली तर अशा एका गुन्ह्याला सूट मिळू शकते. दुसऱ्यांदा झालं की ग्रीन कार्डवाल्याचीही वाट बंद होऊ लागते. आणि फसवणूक, चोरी अशा ‘नैतिक अधःपतन’ गटातला एकच गुन्हासुद्धा देशात प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत घडला आणि त्याला वर्षभराची शिक्षा होऊ शकत असेल, तर तो पुरतो. ‘होऊ शकत असेल’ हे शब्द पुन्हा वाचा. झालेली शिक्षा नाही, होऊ शकणारी.

याच एका दिवसाच्या फरकासाठी कॅलिफोर्नियाने २०१५ पासून आणि न्यूयॉर्कने २०१९ मध्ये मिसडिमीनरची कमाल शिक्षा ३६५ दिवसांवरून ३६४ वर आणली. चोरीच्या गुन्ह्यात ३६५ दिवसांची शिक्षा झाली, ती पूर्ण स्थगित असली, मुलगा एक रात्रही आत राहिला नाही, तरी इमिग्रेशनच्या भाषेत ती ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’ होऊ शकते. ३६४ असेल तर नाही. कोर्टात एका दिवसासाठी तासभर घासाघीस करणारा वकील दिसला की मला बरं वाटतं. त्याला समजतंय.

सगळ्यांना समजत नाही. होसे पाडिया हा होंडुरासमध्ये जन्मलेला, चाळीस वर्षं ग्रीन कार्डवर असलेला, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेसाठी लढलेला ट्रक ड्रायव्हर. केंटकीत त्याच्या ट्रकमध्ये गांजा सापडला. वकील म्हणाला, तू इतकी वर्षं इथे आहेस, इमिग्रेशनची काळजी नको. त्याने गुन्हा कबूल केला आणि देशाबाहेर काढायची कारवाई त्याच कबुलीवर उभी राहिली. ३१ मार्च २०१० ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की गुन्हा कबूल करण्याचे इमिग्रेशनवर काय परिणाम होतील हे सांगणं ही बचावाच्या वकिलाची जबाबदारीच आहे. तो निकाल तुमच्या बाजूने आहे, वापरा. सरकारने दिलेला पब्लिक डिफेंडर असला तरी ही जबाबदारी त्याच्यावरही आहे. सरळ विचारा: "ही प्ली घेतली तर माझ्या मुलाच्या स्टेटसचं काय होईल? इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून मगच सांगा." तारीख पुढे मागता येते. पहिल्या दिवशी ‘नॉट गिल्टी’ म्हणून नंतर विचार बदलता येतो. उलटा प्रवास फार अवघड असतो.

वकिलाबद्दल आणखी एक. पैसे आपण देतो म्हणून आपल्याला वाटतं, भेटीत आपण बसणारच. वकील म्हणतात, "आई-बाबांनी जरा बाहेर बसावं," आणि आपला अपमान होतो. एक काका तर मला म्हणाले, "फी मी देतोय आणि बाहेरही मीच!" पण वकील आणि आरोपी यांच्यातलं बोलणं गुप्त राहतं ते दोघांत असतं म्हणून. तिसरा माणूस बसला तर ते संरक्षण धोक्यात येतं. आणि आई-वडिलांशी मुलाने केलेल्या बोलण्याला बहुतेक राज्यांत असं संरक्षणच नाही, तुम्हाला साक्षीला बोलावलं जाऊ शकतं. म्हणून रात्री दोन वाजता "खरं काय ते सगळं सांग मला" असं म्हणण्याची घाई करू नका. हे मराठी आईला सांगणं किती कठीण आहे, ते मला माहितेय. खरं-खोटं, शिक्षा, पश्चात्ताप, सगळं घरी होऊ दे, पण वकिलाला विचारून, वेळ आल्यावर. मुलाला आत्ता एवढंच कळलं पाहिजे की तुम्ही त्याच्याबरोबर आहात.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "एका फ्रेंडच्या मुलासाठी विचारतेय" हेही नको.

काही गोष्टी राज्यात साध्या आणि बाहेर महाग. दारू पिऊन गाडी चालवणं न्यू जर्सीत वाहतुकीचा गुन्हा, क्राइम नाही. पण नुसत्या अटकेवरून परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं, २०१५ पासून ते धोरणच आहे. २१ च्या खालच्या मुलांना इथली मर्यादा ०.०१, म्हणजे एक बिअरसुद्धा जास्त. गांजाची दुकानं २०२२ पासून चौकात उघडली आहेत, पण संघराज्याच्या कायद्यात तो अजून बेकायदाच. नागरिक नसलेल्या मुलाने इमिग्रेशन अधिकाऱ्यापुढे ‘हो, घेतलाय, इथे लीगल आहे’ म्हटलं, तर नुसत्या तेवढ्या वाक्यानेही अडचण होऊ शकते. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये काय झालं ते ज्यांची भाचे-पुतणे मंडळी एफ-वनवर आहेत त्यांना आठवत असेल. हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी एका फटक्यात रद्द झाल्या, कारण गुन्ह्यांच्या डेटाबेसमध्ये त्यांचं नाव आलं होतं. त्यात अनेकांचे आरोप कधीच रद्द झालेले होते. कोर्टात दावे पडले, महिनाअखेरीस सरकारने नोंदी परत चालू करायला घेतल्या. मधल्या त्या आठवड्यांत किती पोरं खोलीबाहेर पडली नसतील!

‘रद्द’ शब्दावर विसंबू नये हे मोठ्यांनाही लागू. देवयानी खोब्रागडे आठवतात? न्यूयॉर्कमधल्या आपल्या उपमहावाणिज्यदूत, मराठी अधिकारी. १२ डिसेंबर २०१३ ला त्यांना घरकामगाराच्या व्हिसा अर्जातल्या खोट्या माहितीच्या आरोपावरून अटक झाली, अंगझडती झाली, भारतात गदारोळ उठला. १२ मार्च २०१४ ला जजनी राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर आरोप रद्द केले. दोन दिवसांनी सरकारी वकिलांनी नवे दाखल केले.

म्हणून कागद जपा. केस कशीही संपो, कोर्टाच्या क्लार्ककडून निकालाची प्रमाणित प्रत घ्या आणि पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा. पुढे रेकॉर्ड एक्स्पंज केलं, तरी नागरिकत्वाच्या अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो’च असतं. तेव्हा कागद नसेल तर फार पळापळ होते.

आता नागरिकत्व. हे कोर्टात सांगायची वेळ कधीच येत नाही, कारण तिथे पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

अठरावा वाढदिवस आपण हॉल घेऊन साजरा करतो. त्या दिवशी मुलाच्या आयुष्यातली दोन कवचं गळून पडतात. अठराच्या आत ज्युव्हेनाइल कोर्टात चाललेली केस इमिग्रेशनच्या लेखी कन्व्हिक्शन नसते. अठरानंतर असते. आणि दुसरं: २००१ च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे, मूल १८ च्या आत असताना आई किंवा वडील यांपैकी एक जण जरी अमेरिकन नागरिक झाला, आणि मूल ग्रीन कार्डवर त्या पालकाच्या ताब्यात इथेच राहत असेल, तर मूल आपोआप नागरिक होतं. शपथ नाही, परीक्षा नाही. नागरिकाला कुठल्याच गुन्ह्यासाठी देशाबाहेर काढता येत नाही. शिक्षा होईल, रेकॉर्ड होईल, मेडिकल रेसिडेन्सीला, लायसन्सला, नोकरीला त्रास होईल. पण घर जाणार नाही.

वाढदिवस उलटून गेला की पालक नागरिक झाले तरी मुलाला काही मिळत नाही, त्याने स्वतः अर्ज करायचा. जे ली नावाचा कोरियन मुलगा तेराव्या वर्षी इथे आला. आई-वडील नागरिक झाले, तो ग्रीन कार्डवरच राहिला. मोठा होऊन टेनेसीत रेस्टॉरंट चालवायचा. ड्रग्जच्या केसमध्ये वकिलाने सांगितलं, तुला काढणार नाहीत, आणि त्याने प्ली घेतली. ती मागे घेण्यासाठी त्याला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, २०१७ मध्ये.

आपल्यात नागरिकत्व लांबवणारे खूप. कारणं मला पाठ आहेत. "गावची जमीन आहे." वारशाने येणारी जमीन ओसीआयवाल्यालाही मिळू शकते, नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. "आईला वाईट वाटेल." "निळा पासपोर्ट हातातून सोडवत नाही." शेवटच्या कारणाला माझ्याकडे उत्तर नाही, मीही तो देताना रडले होते. पण दोघांपैकी एकानेच घेतलं तरी मुलाचं काम होतं. दुसऱ्याने आपला पासपोर्ट खुशाल ठेवावा. घरात धाकटं मूल बारा-तेराचं असेल तर आज हिशेब मांडा: ग्रीन कार्डला पाच वर्षं कधी होतात, अर्जाला किती महिने लागतात, वाढदिवस कधी येतो.

ज्यांना ग्रीन कार्डच मिळालेलं नाही, जे वर्षानुवर्षं रांगेत आहेत, त्यांना हे वाचून काय वाटत असेल, कळतंय. तुमच्या हातात हा पर्यायच नाही, आणि एच-फोरच्या मुलाला एकविसाव्या वर्षी वेगळंच संकट. तुमच्या मुलांना ती दोन इंग्रजी वाक्यं बाकीच्यांपेक्षा जास्त पाठ हवीत. एक क्रिमिनल आणि एक इमिग्रेशन वकिलाचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवायला सांगा. फोन जप्त झाला की त्यातला नंबर कामाचा नसतो.

आणि ज्यांची मुलं अशी आपोआप नागरिक झाली आहेत, त्यांनी एक तपासा. आपोआप झालं म्हणून बरेच जण कागदच काढत नाहीत, मुलाच्या पाकिटात जुनं ग्रीन कार्ड तसंच असतं. मुलासाठी अमेरिकन पासपोर्टचा अर्ज करा, सोबत तुमचं नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, त्याचा जन्मदाखला आणि ते ग्रीन कार्ड लागेल. जन्मदाखल्यावर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल, आपल्याकडे असतंच, तर नगरपालिकेतून दुरुस्त करून आणायला चार-सहा महिने धरा. यंदा डिसेंबरात कुणी पुण्या-नाशकाला जात असेल तर तेवढं काम यादीत टाका.